अक्का, उळवीच्या चढावर आपण थांबलो ते

अक्का,

तुमचं माझं, नणंद-भावजयीचं, एक भांडण अर्धं राहिलं आहे. तुम्ही गेलात म्हणून ते मिटलं, असं मी धरणार नाही. तुम्हीसुद्धा धरलं नसतं. घरात माणसं येतात, बसतात, तुमच्या फोटोकडे बघून उसासा टाकतात आणि तुमचं वय, तुमचा आजार, किती दिवस दवाखान्यात होतात ते विचारतात. मी सांगते. पण सांगताना मनात वेगळंच चाललेलं असतं. मी तुमच्याशी भांडत असते. त्या चढावर, त्या बसलेल्या बैलाशेजारी, तीन पोरांना घेऊन.

ते साल आठवतं ना? यांचं अमरगोळच्या अडतीतलं काम सुटलं होतं. शेठजींनी दुकानच बंद केलं, मग मुनिमाला काय ठेवणार? घरात तुमच्या शिवणक्लासवर चूल पेटायची. हुबळीच्या देशपांडे नगरातल्या त्या दोन खोल्या, पुढच्या खोलीत तुमची तीन मशिनं आणि मागच्या खोलीत आपण सगळे. त्यात शाळेची सहल निघाली म्हैसूरला. सई तेरा वर्षांची, समजूतदार. तिनं वर्गात हातच वर केला नाही. ओंकारनं मात्र घरी येऊन दप्तर फेकलं. तन्वी सात वर्षांची. तिला म्हैसूर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण दादा रडतोय म्हणून तीही रडली.

तुम्ही मशीनवरून उठला नाहीत. कुणाच्या तरी ब्लाऊजची बाही जोडत होतात. दोरा दातानं तोडलात आणि म्हणालात, "सहलीला जायचं ना? आपण जाऊ की. उळवीला. चालत."

मला वाटलं थट्टा करताय. माघी पौर्णिमेला, आपल्याकडे जिला भारत हुण्णिमे म्हणतात तेव्हा, उळवीच्या जंगलात चन्नबसवेश्वराची जत्रा भरते. धारवाडकडच्या खेड्यांतून सजवलेल्या बैलगाड्या निघतात, माणसं चालत जातात, हे मी लग्न होऊन इथं आल्यापासून ऐकत होते. पण ती लोकं शेतकरी, जन्मापासून चालणारी. आपण दुकानदारांची, मास्तरांची माणसं. आपला देवही तसा वेगळा. मी तसं म्हटलं तर तुम्ही हसलात. "देवाला वैनी, आडनाव विचारायची सवय नसती."

मी म्हटलं, शाळा बुडेल. तुम्ही दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन बाईंची परवानगी घेऊन आलात. मी म्हटलं, पैसे? तुम्ही म्हणालात, परतीच्या बसचं भाडं बाजूला काढलंय, जाताना पाय आहेत. मी म्हटलं, हे कामाच्या शोधात, तुम्ही एकट्या तीन पोरं कशी सांभाळणार? त्यावर तुम्ही नुसत्या माझ्याकडे बघत राहिलात. म्हणून मी आले, अक्का. देवासाठी नाही. तुमच्यावर माझा विश्वास नव्हता म्हणून आले.

निघायच्या आधी तुम्ही अस्तराच्या उरलेल्या तुकड्यांच्या पाच पिशव्या शिवल्यात. ज्याचं ताट, ज्याचा तांब्या, ज्याची चादर त्यानं आपल्या पाठीवर घ्यायची, असा नियम. पोरांच्या शाळेच्या कॅनव्हास बुटांत टाचेला जाड कापडाची घडी टाचलीत. पहिल्या दिवशी हुबळी ते धारवाड चालताना शेजारून एसी बस गारेगार निघून जायच्या आणि ओंकार प्रत्येक बसकडे मान वळवून बघायचा. "आत्या, ही बस अर्ध्या तासात धारवाडला पोचते." तुम्ही म्हणालात, "हौदु, खरंय. त्यातल्या माणसांना नवलूरचे पेरू दिसले का विचार." आणि खरंच नवलूरला रस्त्याकडेच्या बाईनं तन्वीच्या हातात पेरू ठेवला. चालणाऱ्या पोराला कुणी रिकाम्या हातानं पुढं जाऊ देत नाही, हे मला तिथून कळायला लागलं.

पण तिथूनच आपलं वाजायलाही लागलं.

हल्याळच्या रस्त्याला गावोगावी मांडव होते. चालणाऱ्यांना बोलावून बोलावून जेवायला घालत होते. ज्वारीची कडक भाकरी, मटकीची उसळ, शेंगाचटणी, वर दही. "बर्री अक्का, कूड्री," येऊन बसा म्हणून बायका हात धरत होत्या. आणि मी पिशवीतली कालची चपाती काढून पोरांना झाडाखाली बसवत होते. माझ्या वडिलांनी आम्हाला शिकवलं होतं की फुकटचं ताट उचलायचं नाही. घरात काम नसलेला नवरा असताना तर मला ते जास्तच टोचत होतं. चांगले दिवस असते तर मी बसलेही असते. ओढगस्तीत मला तो भिकेचा घास वाटत होता.

तुम्ही माझ्याजवळ आलात, उकिडव्या बसलात. "उचलायचं नाही म्हणता? नका उचलू. धुवायला तर चालेल ना?"

आणि पदर खोचून त्या बायकांत जाऊन बसलात. भांड्यांचा ढीग होता. सईही गेली. मग तुमचा दुसरा नियम झाला की जिथं जेवायचं तिथं आधी काहीतरी काम करायचं. ओंकार पाण्याच्या घागरी भरायचा. तन्वी मिरच्यांची देठं काढायची आणि तेच हात डोळ्यांना लावून बोंबलायची. मी मांडवात बसले, जेवलेही. पण माझा घास मोकळा झाला नव्हता. तुम्हाला ते कळत होतं. रात्री शाळेच्या व्हरांड्यात चादरी टाकल्या की तुम्ही माझ्याकडे पाठ करून झोपायच्या आणि म्हणायच्या, "वैनी, घेणाऱ्यालाबी मोठं मन लागतं." मी झोपल्याचं सोंग घ्यायची.

दांडेलीला तन्वीच्या टाचा सोलल्या. तिथं गौडर अज्जा भेटले. धारवाडजवळच्या खेड्यातले, बरोबर त्यांची अज्जी आणि गाडीभर सामान. उळवीला त्यांच्या गावाचं अन्नदान असायचं, त्याचे तांदूळ, गूळ, डाळ, मोठी पातेली, सगळं त्यांच्या गाडीत. अज्जांनी तन्वीचे पाय बघितले आणि काही न विचारता तिला उचलून तांदळाच्या पोत्यांवर बसवलं. ओंकार भडकला. "मग तिचं धरायचं नाही! ती चालत आली असं धरायचं नाही!" तुम्ही त्याला म्हणालात, "देव काय मीटर टाकून बसलाय का, रिक्षावाल्यासारखा?" अज्जांना मराठी येत नव्हतं, तरी ते हसले.

मग पुढं तो चढ आला. गुंद गावाच्या अलीकडचा. दोन्ही बाजूंना दाट जंगल, रस्ता अरुंद, दुपार कलायला लागलेली. पुढच्या गाड्या वळणापार गेल्या होत्या. अज्जांचा डावा बैल दोन वेळा थांबला आणि तिसऱ्या वेळी गुडघ्यांवर बसला. जू तिरकं झालं, गाडी मागं सरकली. अज्जा ओरडले, तुम्ही धावत जाऊन चाकामागे दगड सारलात, मी तन्वीला खाली ओढली. बैलाच्या तोंडाला फेस होता. अज्जांनी त्याला जुवातून सोडवलं, त्याची मान मांडीवर घेतली आणि ते लहान पोरासारखे रडायला लागले. त्यांना बैलापेक्षा सामानाची काळजी लागली होती. उद्या सकाळी त्या तांदळावर शेकडो पानं उठायची होती.

मागून माणसं येत होती. थांबायची, चुकचुकायची, एखादा सल्ला द्यायची आणि पुढं जायची. त्यांचंही बरोबर होतं. अंधाराच्या आत मुक्कामाला पोचायचं होतं. त्या रानात गवे होते. आदल्या मुक्कामावरच लोक हत्तीच्या गोष्टी सांगत होते. फोनला रेंज नव्हती.

तुम्ही पाठीवरची पिशवी काढून रस्त्याकडेला ठेवलीत. "वैनी, तुम्ही पोरांना घेऊन पुढं व्हा. मी यांच्याबरोबर येते."

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "अक्का, ही आपली तीन पोरं आहेत. यांना घेऊन मी एकटी पुढं जाऊ? की यांना घेऊन रानात बसू? तुम्हाला दुसऱ्याच्या बैलाची काळजी आहे, आपल्या पोरांची नाही?"

"सकाळी ह्यांचीच भाकरी खाल्ली की आपण."

"भाकरी खाल्ली म्हणजे पोरांचा जीव द्यायचा?"

तेवढ्यात सईनं आपली पिशवी काढून तुमच्या पिशवीशेजारी ठेवली. मला न विचारता. माझ्याकडे न बघता. मग ओंकारनं ठेवली.

अक्का, मी तेव्हा सईला हाताला धरून ओढत नेऊ शकले असते. आई होते मी तिची. मी का नेलं नाही, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. त्या क्षणी मला तिचा चेहरा दिसला. वर्गात हात वर न करणारी, मागं मागं राहणारी माझी पोरगी गाडीकडे बघत काहीतरी जुळवत होती. मला ते बघायचं होतं. भीती होतीच. तरी ही आता काय करते, ते मला बघायचं होतं.

सई म्हणाली, "आत्या, गाडी रिकामी केली तर दुसरा बैल ओढेल ना? सामान आपण वर नेऊ. थोडं थोडं."

तुम्ही ते अज्जांना कन्नडमधून सांगितलंत. ते नको नको म्हणाले, पोरं लहान आहेत म्हणाले. तोवर ओंकारनं डाळीचं गाठोडं डोक्यावर घेतलं होतं. वळणापर्यंत न्यायचं, ठेवायचं, परत यायचं. अज्जी वर सामानापाशी बसली. सईनं पोत्यातला तांदूळ आपल्या पाच पिशव्यांत भरला, आमच्या चादरी बाहेर काढून. मी गुळाची ढेप उचलली. इतकी चिडले होते मी तुमच्यावर, की तो राग नसता तर ती ढेप माझ्यानं उचललीच नसती. आणि तन्वी, सोललेल्या टाचांची, अनवाणी, हातात तिच्याहून लांब पळी धरून चढ चढायला लागली.

ती पळी बघून मागून येणारा एक माणूस थांबला. त्यानं इकडं तिकडं बघितलं, एक पोतं खांद्यावर टाकलं आणि चालायला लागला. त्याच्या मागच्यानं पातेलं घेतलं. मग बायकांनी. थोड्या वेळानं त्या चढावर अशी रांग लागली की मला मधे शिरायला जागा मिळेना. सल्ला देऊन पुढं गेलेल्यांतलेही दोघे वळणावरून माघारी आले. तुम्ही बैलाला गुळाचं पाणी पाजत होतात. तो उठला तेव्हा अज्जा तुमच्या पायाला हात लावायला वाकले आणि तुम्ही असे काही मागं सरलात की खड्ड्यात पडता पडता राहिलात. मग रिकाम्या गाडीला एका बाजूनं तो एकटा चांगला बैल आणि दुसऱ्या बाजूनं जुवाखाली माणसं. तुम्हीसुद्धा जुवाला हात लावला होता.

दिवेलागणीला आपण मुक्कामावर पोचलो. गवा आला नाही, हत्ती आला नाही. पण आला नाही म्हणून माझं म्हणणं चूक ठरत नाही, अक्का. हे मी तुम्हाला तेव्हाही सांगितलं, त्यानंतर कितीदा तरी सांगितलं. तीन पोरांना घेऊन जंगलात थांबणं हे शहाणपण नव्हतं. आणि तुम्ही दर वेळी भाजी निवडत, काजं करत, सुईत दोरा ओवत एवढंच म्हणायच्या, "मग पोरांना विचारा की."

पोरांना काय विचारणार? उळवीला दुसऱ्या दिवशी पंगती बसल्या तेव्हा तिथला एक कार्यकर्ता आपल्या पोरांना जेवणाऱ्यांच्या रांगेत ढकलत होता. अज्जांनी त्याला हटकलं. "इवरु नम्म मंदि. बडिसोवरु." ही आमची माणसं आहेत, वाढणारी आहेत. सईकडे भाताची परात, ओंकारकडे सार. तन्वीला त्यांनी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वाढायला दिली, एका छोट्या डब्यात. मी पंगतीत बसले होते. ती माझ्यासमोर आली, दोन पळ्या वाढल्या, तिसरी वाढली आणि मोठ्या माणसासारखी म्हणाली, "सावकाश जेव. घाई नाही." मी जेवले. पान चाटूनपुसून जेवले. वर बघितलं तर तुम्ही खांबाला टेकून उभ्या होतात, पाय सुजलेले, केस विस्कटलेले. तेव्हा तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, त्याचे आभार मी आज मानते.

शाळेत म्हैसूरला जाऊन आलेल्या पोरांनी राजवाड्याचं वर्णन केलं, तेव्हा ओंकार आपणहून उभा राहिला आणि त्यानं बैलाची गोष्ट सांगितली. त्याच्या बाई मला नंतर बाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, तास संपला तरी पोरं त्याला खाली बसू देत नव्हती. यांना पुढं काम मिळालं, दिवस फिरले. सई आता धारवाडला शेतीचं शिकते. कुणी अडलेलं दिसलं की ती आधी पिशवी खाली ठेवते आणि मग विचार करते. मला अजून धास्ती वाटते. आणि अक्का, मला तिचा इतका अभिमान वाटतो की ते कुणाला सांगायचीही चोरी. तुम्हाला तर मी ते मुद्दाम सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भांडणात तुमची सरशी झाली असती.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी तुमचे केस विंचरत होते. तुम्ही एकदम म्हणालात, "वैनी, त्या चढावर गवा आला असता तर मी काय केलं असतं, मला ठाऊक नव्हतं. मीबी भ्यालेच होते." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही तेवढं कबूल केलंत. माझ्याकडे उत्तर तयार होतं. पण तेवढ्यात सिस्टर सलाईन बदलायला आली, तुम्हाला डुलकी लागली आणि मग तसा निवांतपणा मिळालाच नाही. ते उत्तर आता देते. तुम्ही भ्याला होतात ते मला त्याच दिवशी कळलं होतं. जुवाला हात लावूनही तुम्ही दर दोन पावलांना रानाकडे मान वळवत होतात, ते मी बघितलं होतं. भ्यालेलं माणूस थांबलं म्हणून तर मी थांबले. न भिणाऱ्या बाईच्या भरवशावर मी माझी पोरं ठेवली नसती.

एक गोष्ट तुम्हाला कळायला हवी. तुम्ही ती बघू शकला नाहीत.

त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी शववाहिनी उभी राहिली. इचलकरंजीहून यांचे मोठे काका आले होते. ते म्हणाले, बायकामुलींनी घरीच थांबायचं, पुरुषमाणसं गाडीतून जातील. आपल्यात तशीच पद्धत, मी दारातच थांबले. तन्वी आता पंधरा वर्षांची. ती चप्पल घालून पुढं आली. "आजोबा, आत्याला पोचवायला मी येणार. आणि चालत येणार."

काका यांच्याकडे बघायला लागले. हे मडकं मांडीवर घेऊन गाडीत पुढं बसले होते. यांनी तन्वीकडे बघितलं आणि मडकं सांभाळत खाली उतरले. ड्रायव्हर वैतागला. "हत्तरी, बिसल भाळ ऐति," बसा, ऊन फार आहे, म्हणाला. सई त्याच्या खिडकीपाशी गेली आणि कन्नडमधून हळू म्हणाली की दादा, तुम्ही पहिल्या गिअरमध्ये घ्या, आम्ही मागं राहणार नाही.

मी पदर खोचला. तुमच्या क्लासच्या पोरी दारात उभ्या होत्या. नव्याही आणि जुन्याही, कडेवर पोर घेऊन आलेल्या. त्या निघाल्या. कोप्पीकर रोडला आलो तेव्हा तुम्ही जिथून फॉल आणि अस्तर घ्यायच्या त्या दुकानातला म्हातारा मालक शटर अर्ध्यावर ओढून, चष्मा पुसत, आमच्यात सामील झाला. मागं गाड्यांचे हॉर्न वाजत होते, मग हळूहळू तेही थांबले. काका पहिल्या चौकापर्यंत गाडीत होते. दुसऱ्या चौकात तेसुद्धा उतरले आणि ओंकारचा खांदा धरून चालायला लागले.

गाडीत ड्रायव्हर होता आणि तुम्ही होतात. बाकी सगळे चालत होतो, अक्का.